न निघालेली पोती पोचली कशी

प्रिय ओवी आणि निनाद,

हे पत्र या वेळी फक्त तुमचं नाही. इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतले अनुभव मागितले. मी म्हटलं, मला लेख लिहिता येत नाही, नातवंडांना पत्रं तेवढी लिहिता येतात. ते म्हणाले, "मग पत्रच द्या, फक्त तब्येतीच्या चौकशा गाळा." म्हणून यात थंडी, टोपी, दूध यांपैकी काहीही नाही. टोपी घालाच, पण ते वेगळ्या पत्रात.

निमित्त हॉलंडला राहणाऱ्या ओवीचं. कॉलेजच्या अभ्यासासाठी तिनं भारत आणि हॉलंड या दोन्ही देशांचे सरकारी आकडे समोर ठेवले आणि मला फोन केला. "आजी, भारत म्हणतो आम्ही हॉलंडला एवढी हळद पाठवली. हॉलंड म्हणतं, आमच्याकडे आलेली हळद वेगळीच आहे. यात खोटं कोण बोलतंय?"

"कुणीच नाही," मी ठसक्यात म्हणाले. फोन ठेवल्यावर आठवलं, हेच उत्तर याच ठसक्यात मी एकदा एका सरकारी साहेबांना दिलं होतं आणि आमची पेढी जवळजवळ बंद पाडली होती.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लातूरच्या एका हळद निर्यात करणाऱ्या पेढीत मी कागदपत्रं पाहायची. माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजी शाळेत झालं, लग्नानं लातूरला आले, आणि 'त्या बाईला इंग्रजी येतं' एवढ्या भांडवलावर पेढीचे मालक अप्पांनी मला बोलावून घेतलं. अप्पा म्हणजे कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि समोरच्याच्या खिशात काय आहे ते ओळखणारे डोळे. त्यांनी माझी मुलाखत घेतली ती अशी. एक परदेशी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे लोक माल मागायलेत का शिव्या द्यायलेत, तेवढं सांगा."

मी वाचलं. "अप्पा, शिव्याच आहेत. पण फार सभ्य आहेत. आणि शेवटी माल मागितलाय."

नोकरी लागली.

माझी शिस्त तुम्ही सुट्टीत भोगलेली आहे, तेव्हा त्याबद्दल फार लिहीत नाही. ऑफिसात माझं पंचिंग मशीन मागायला माणसं दोघंदोघं मिळून येत, एवढं पुरे. प्रत्येक देशाच्या फायलीचा रंग वेगळा होता. कोऱ्या कागदांचीसुद्धा एक फाइल होती.

व्यवहाराची वाटणी सरळ होती. माल नांदेडला, कागद लातूरला. भोकर, अर्धापूरकडची हळद नांदेडच्या बाहेर आमच्या यार्डात यायची. तिथं ती वाळायची, ड्रममध्ये घासून पॉलिश व्हायची, बाया ती निवडायच्या, हमाल पोती कंटेनरमध्ये रचायचे, दाराला सील लागायचं आणि कंटेनर मुंबईच्या बंदराकडे निघायचा. मी लातूरच्या टेबलावर बसून लिहायची की पोती इतकी, वजन इतकं, किंमत इतकी, देश अमुक. यार्डात मी जायची ती दसऱ्याच्या पूजेला, पेढा खाऊन परत. हळद कंटेनरमध्ये कशी भरतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. ती भरली असं सहीनिशी लिहून देणारी मात्र मीच.

ओवी, देशाचा आकडा म्हणजे असल्या टेबलांवरच्या लिखाणाची बेरीज. मी लिहिलेलं आमच्या सरकारच्या बेरजेत जायचं. तिकडे दुसऱ्या कुणाच्या टेबलावर तोच कंटेनर पुन्हा लिहिला जायचा आणि तो त्यांच्या सरकारच्या बेरजेत जायचा. माल एकच, पण लिहिणारी माणसं दोन.

आमच्या हॉलंडच्या गिऱ्हाइकाकडे हे लिहिणारी एक हेलन नावाची बाई होती. आम्ही कधी भेटलो नाही. तिचा पहिला मेल आला तो असा: "तुमच्या कागदावरची तारीख चौथ्या महिन्यातली तिसरी की तिसऱ्या महिन्यातली चौथी, कृपया कळवावे." मला आधी राग आला आणि मग फार आनंद झाला. माझ्यासारखं छळणारं माणूस जगात आणखी एक होतं.

तर एके दिवशी सरकारी नोटीस आली. तुमच्या पेढीनं जाहीर केलेला माल आणि हॉलंडमध्ये उतरलेला माल जुळत नाही. त्याबद्दल तुमचा निर्यातीचा परवाना का थांबवू नये, याचा खुलासा करावा.

परवाना थांबला की सगळंच थांबतं. आमचं यार्ड फक्त निर्यातीवर चालायचं. निवडणाऱ्या बाया, हमालांची टोळी, ड्रम चालवणारे, सगळ्यांना दुसऱ्या दिवसापासून घरी बसावं लागलं असतं. अप्पा नोटीस हातात धरून माझ्या टेबलापाशी उभे राहिले. ते सहसा बसल्या जागेवरून हाक मारायचे.

"आता कसं मॅडम?"

"अप्पा, निश्चिंत राहा. हा माझा विषय आहे."

हे मी ज्या थाटात म्हणाले तो थाट आठवला की आजही स्वयंपाकघरात एकटी असताना मी मोठ्यानं "शी!" म्हणते.

मी खुलासा लिहायला घेतला. ओवी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे, म्हणून थोडक्यात सांगते. आम्ही मालाची किंमत लिहितो ती मुंबईला जहाजावर चढेपर्यंतची. ते लिहितात ती जहाजाचं भाडं आणि विमा धरून. मी तुम्हाला लाडवांचा डबा पाठवते तेव्हा मी डाळ आणि तूप मोजते, तुझी आई कुरिअरचं बिलही मोजते. लाडू तेच, पण तिचा आकडा ऐकून मला घेरी येते.

मग काळाचा फरक. आमचा कंटेनर मार्चअखेरीला निघाला की तो या वर्षात जमा. तिकडे पोचेपर्यंत आमचं नवं वर्ष लागलेलं असतं, आणि त्यांचं वर्ष तर वेगळ्याच महिन्यात संपतं.

मग मुक्कामाचा प्रश्न. डब्यावर पत्ता ओवीचा, म्हणून मी लिहिते, हॉलंडला पाठवला. ओवीची आई त्यातला अर्धा हँबर्गला निनादकडे पाठवते. हॉलंड म्हणतं, एवढे लाडू आमचे नव्हेतच. जर्मनी म्हणतं, आमच्याकडे भारतातून लाडू आले. मी दोघांना फोन करते तर दोघंही म्हणता, मिळालेच नाहीत. आमचा दुबईचा एक गिऱ्हाईक तर याच्याही पुढचा होता. जहाज समुद्रात असतानाच तो माल दुसऱ्याला विकायचा, दुसरा तिसऱ्याला. माझ्या कागदावर दुबई आणि पोती उतरली आफ्रिकेत. मी त्याला खरमरीत पत्र लिहिलं. त्यानं मला खजुराची पेटी पाठवली. ती कुठल्या देशाची आयात धरायची हे मला अजून कळलेलं नाही.

शिवाय जकातीच्या यादीत हळकुंडाला एक क्रमांक, दळलेल्या पुडीला दुसरा, मसाल्यात मिसळली की तिसरा. दोन्ही टेबलांवर एकाच वस्तूला एकच क्रमांक मिळेल याची खात्री नाही. आणि शेवटी ओलावा. हळद वाटेत वाळते, वजन उतरतं.

असा तो खुलासा. सोबत परिशिष्टं. फायलीला मी सॅटिनची फीत बांधली होती. हो, सॅटिनची.

अप्पा आणि मी सुनावणीला गेलो. साहेब तरुण होते, देगलूरकडचे. बोलताना मधूनच तेलुगू हेल यायचा. त्यांनी अख्खा खुलासा आमच्यासमोर वाचला. मी पाठ ताठ करून बसले होते. अप्पा छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"बाई, फार सुंदर लिहिलंय हो," साहेब म्हणाले. "ट्रेनिंगमध्ये आम्हाला इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं."

मी आणखी ताठ झाले.

"किंमत का जुळत नाही ते कळलं. तारीख कळली. दुबईवाला तर लईच आवडला. ओलाव्यानं वजन कमी होतं, तेही पटलं." त्यांनी नोटिशीचं दुसरं पान माझ्यापुढे धरलं. "पण बाई, ओलाव्यानं पोती कशी वाढतात?"

दुसरं पान. पहिल्या पानावरचं 'माल जुळत नाही' वाचून मला इतकं स्फुरण चढलं होतं की दुसरं पान मी नुसतं पंच करून फाइलला लावलं होतं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं की प्रत्येक कंटेनरमध्ये जाहीर केल्यापेक्षा एक पोतं जास्त निघतं.

साहेबांनी पुढची तारीख दिली. जिन्यावरून उतरताना मी अप्पांना म्हणाले, "ही हेलनची चूक आहे. तिला मोजता येत नाही." अप्पा म्हणाले, "असंल, असंल," आणि झपझप गाडीकडे गेले.

मी हेलनला मेल केला की आपण पुन्हा मोजावे. उत्तरात फोटो आले. प्रत्येक कंटेनरचं दार उघडल्या क्षणाचा एक. प्रत्येकात दाराशी, सगळ्या थराच्या वर, एक पोतं बसवलेलं, आणि त्याच्या तोंडाला लाल दोरा. खाली हेलननं लिहिलं होतं: "लाल दोरा ही शेवटचं पोतं ओळखण्याची तुमची पद्धत असावी, असे आम्ही समजतो. पद्धत चांगली आहे."

मी तडक नांदेडची बस पकडली. यार्डात कंटेनर भरत होता. मुकादम गफूरभाई मोजणी ओरडत होते. शेवटचं पोतं आत गेलं, मोजणी बंद झाली, माझ्या कागदाप्रमाणे सगळं बरोबर. आणि मग कुणीही काही न बोलता दोन हमाल बाजूला गेले, तिथं वेगळं ठेवलेलं एक पोतं उचललं, गफूरभाईंनी त्याला लाल दोरा बांधला, एकानं "बिस्मिल्ला" म्हटलं, दुसऱ्यानं "हर हर महादेव," आणि ते पोतं वर चढलं.

"गफूरभाई, हे काय?"

"बरकत का पोता, मॅडम."

"कागदावर कुठंय?"

"कागद पे कैसा आयेगा? वो तो उप्पर का है ना." त्यांना माझीच काळजी वाटू लागली असावी. "मॅडम, चाय मंगाऊ?"

"हे कधीपासून चाललंय?"

"आपके आने के पयले से."

मागे निवडायला बसलेल्या बायांमध्ये हसू फुटलं. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "मॅडमला म्हाईतच न्हाई की गं! आन् सह्या तर ह्याच करतेत म्हनं."

संध्याकाळी अप्पांनी सांगितलं. त्यांचे वडील मुरुडच्या बाजारात मापानं धान्य विकायचे. माप सपाट करून दिलं की वर एक ओंजळ टाकायचे. नुसता हिशेबापुरता माल आपल्या दारातून जाऊ नये, अशी रीत. पुढं पोती आली, तेव्हा ओंजळीची पायली झाली. कंटेनर आले, तेव्हा पायलीचं पोतं झालं. प्रमाण सोडलं नव्हतं, एवढं मला मान्य करावं लागलं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी लिहिलं असतं."

हे खरं होतं. "अप्पा, आताही लिहू. 'विनामूल्य भेट' म्हणून दाखवता येतं. सगळं नियमात बसतं."

"लिहिलं की ती बरकत न्हाई राहत मॅडम. त्यो माल झाला. तुमी नातवाला खाऊ देताव, त्याची पावती घेताव का?"

तुम्हाला पाठवलेल्या प्रत्येक डब्याची पावती माझ्या कपाटात तारखेवार लावलेली आहे.

दुसऱ्या सुनावणीला साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन वाटा सांगितल्या. आजवरची पोती म्हणजे चूक होती आणि यापुढे न लिहिलेलं काहीही कंटेनरमध्ये जाणार नाही, असं अप्पांनी लिहून द्यावं. दंड होईल, पण परवाना राहील. नाहीतर परवाना आजच थांबवावा लागेल.

"चूक म्हणून मी लिहिणार न्हाई साहेब," अप्पा पंख्याला म्हणाले. "माझ्या बापानं केलं, ते चूक कसं म्हणू?"

"अप्पा, आजवर अशी किती पोती गेली?" साहेबांनी विचारलं.

"मोजली न्हाईत. मोजली की संपली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हॉलंडच्या बाईंनी मोजलीत."

"म्हणजे बघा," साहेबांना हसू आवरेना, "आपल्या देशाच्या आकड्यात ही पोती कधी निघालीच नाहीत, आणि त्यांच्या देशात सगळी सुखरूप पोचली!" मग ते एकदम गंभीर झाले. माझाच एक कागद त्यांनी वर काढला. "इथं खाली लिहिलंय की यापेक्षा जास्त माल कंटेनरमध्ये नाही. ही सही कुणाची?"

"माझी."

"सगळ्या कागदांवर?"

"सगळ्या." एरवी मी हे अभिमानानं म्हणाले असते.

"मग खोटं विधान यांचं धरावं लागेल. कारवाई यांच्या नावावर."

अप्पांची नजर पहिल्यांदा पंख्यावरून खाली आली. "त्यांच्या? त्यांना काय म्हाईत? त्यांनी ते पोतं कधी बघितलं सुदिक न्हाई!"

"तेच तर म्हणतोय," साहेब म्हणाले. "न बघता लिहून दिलं."

मी रुमालासाठी पर्समध्ये हात घातला आणि हाताला स्टेपलर आला. मी तो घट्ट धरून बसले.

अप्पांनी हात पुढे केला. "आणा तो लिहून द्यायचा कागद इकडं. बरकत माझ्या घरची हाय. तिच्यापायी मॅडमची सही खोटी पडू द्यायची न्हाई." आणि त्यांनी 'चूक' हा शब्द स्वतःच्या हातानं लिहिला, मोडीसारख्या त्यांच्या वळणात, आणि सही केली. बापाला चुकीचं ठरवणारी ती सही होती आणि ती माझ्यासाठी केलेली होती. परतीच्या वाटेवर मी त्यांना काहीतरी बरं बोलावं म्हणून बरंच जुळवत होते. शेवटी "सीटबेल्ट लावा" एवढंच तोंडातून निघालं.

त्यानंतरच्या पहिल्या कंटेनरला मी स्वतः यार्डात उभी राहिले. न बघता काही लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मोजणी संपली. दाराशी वरच्या थरावर एका पोत्याची जागा रिकामी होती, आणि दार लावायला कुणी पुढे होईना. हमाल एकमेकांकडे बघत होते. आम्ही कुणाला तरी जेवायला बसवून वाढायचं विसरलो आहोत, असं काहीतरी वाटत होतं.

मग अप्पा लाल दोऱ्याचं पोतं घेऊन येणाऱ्या दोघा हमालांच्या पुढं चालत आले. पण ते कंटेनरपाशी थांबलेच नाहीत. यार्डाच्या मधोमध त्यांनी पोतं खाली ठेववलं आणि दोरा सोडला.

"या रे सगळे. बायांनो, तुमीबी या."

निवडणाऱ्या बायांनी पदर पसरले, हमालांनी खांद्यावरचे गमछे, ड्रायव्हरनं टोपी. अप्पा दोन्ही हातांनी ओंजळ भरभरून हळकुंडं घालत गेले. गफूरभाई म्हणाले, "अप्पा, दरिया पार जानेवाली बरकत अब हमारे सालन में!" आणि दार लावायला आपोआप माणसं धावली.

आणि मी काय केलं? मी पर्समधून पेन काढलं. "अप्पा, हे पोतं साठ्यातून कमी दाखवावं लागेल. कुठल्या सदरात टाकू? नमुना म्हणून, की घट म्हणून, की..."

"मॅडम, पेन आत ठिवा. हात म्होरं करा."

मी पेन आत ठेवलं आणि हात पुढे केले. पॉलिश केलेल्या हळकुंडाला बारीक भुकटी असते, हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं. तळवे, बोटं, घड्याळाचा पट्टा, सगळं पिवळं झालं. तेवढ्यात ड्रायव्हर कागदांसाठी घाई करू लागला. धुवायला वेळ नव्हता. यार्डातल्या त्या मोडक्या टेबलावरच मी सह्या केल्या आणि कागद दिले.

कंटेनर पोचल्यावर हेलनचा मेल आला. "पोती कागदाप्रमाणे आहेत. या वेळी लाल दोऱ्याचे पोते नसल्याने शेवटचे कोणते ते ओळखता आले नाही. दुसऱ्या पानावर सहीशेजारी अंगठ्याएवढा पिवळा डाग आहे. तो कागदपत्राचा भाग समजावा का?"

मी उत्तराचे बरेच मसुदे केले. शेवटी पाठवला तो असा: "तो मालाचा भाग आहे. जाहीर केलेला नाही. कृपया नोंदवू नये."

त्यावर तिचं उत्तर आलं नाही. पण हेलनला मी ओळखते. तिनं तो नोंदवला असणार.

तुमची,
आजी